उसवलेले टाके

दुसऱ्याने केलेलं काम पुन्हा केल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असं एक शहाणं माणूस बहुतेक घरांत असतं. या घरात ते म्हणजे सूनबाई! शिवणक्लास चालवायची. तिचा धावदोरा अगदी पट्टीने आखल्यासारखा.

नणंदेच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवायला घेतली होती. जुन्या सुती कपड्यांचे चौकोन जोडून झाले, खाली अस्तर लागलं. सासूबाई म्हणाल्या, "एक कड मला दे गं. नातवंडाच्या अंगावर आजीचेही चार टाके असू देत."

"घ्या की, आई!" सून तोंडभरून म्हणाली.

पण सासूबाईंचा हात थरथरायचा, नजरही अधू. एक टाका बोटभर, तर दुसरा तिळाएवढा! क्लासच्या बायकांनी पाहिलं तर? दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, की सून त्यांचे टाके हळूच उसवायची आणि नव्याने घालायची. त्यांना कुठे कळतंय, अशी मनाची समजूत घालायची.

एके दिवशी सासूबाईंनी जेमतेम तीन टाके घातले आणि सुई खोचून ठेवली.

"दमलात का, आई?"

"नाही गं. जास्त घातले की तुला उसवत बसावं लागतं."

सुनेच्या तोंडचं पाणीच पळालं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. नजर गेली तरी बोटं आहेत ना! मी गाठ मागे मारते, तू ती थरांच्या आत लपवतेस. रोज हात फिरवला की माझी गाठ गायब."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मी भाजी निवडली की तू पुन्हा निवडतेस, घड्या घातल्या की पुन्हा घालतेस. अगं, हातातलं काम काढून घेतलं की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो!"

सुनेला मान वर करवेना. आपल्या सरळ टाक्यांची तिला एवढी लाज कधीच वाटली नव्हती. कात्री घेऊन ती ते उसवू लागली, तशी सासूबाईंनी तिचा हात धरला. "आता नको. भोकं पडून पडून कापड विरलंय. टाका धरायचा नाही."

"मग मी नवी कड जोडते, आई," ती रडतच म्हणाली. "टाके सगळे तुम्ही घाला. कसेही पडोत, मी हात लावणार नाही."

सासूबाईंनी खोचलेली सुई काढून तिच्यापुढे धरली. मग म्हणाल्या, "सुई तेवढी ओवून देत जा."

वाचकहो, आपल्या घरातली म्हातारी माणसं आपल्याकडून एवढीच मदत मागतात. त्यांना सुई ओवून द्यावी. त्यांच्या हातातली सुई काढून घेऊ नये!