कोळशाचं पाणी

दौलतराव रामेश्वराला जाऊन आले त्या वर्षाची ही गोष्ट. दुसरी मोठी लढाई पेटायला अजून अवकाश होता. आसेगावात दौलतरावांएवढी जमीन दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि त्यांच्याएवढी हौसही. लोक रामेश्वराहून वाळू आणतात, शंख आणतात. दौलतरावांनी आणलं पोतंभर कॉफीचं बी, ते दळायचं एक लोखंडी यंत्र आणि चिनी मातीच्या कपबशा.

त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले. हिरवट, टणक. नाकाशी नेले तर वास ना पास.

"हे काय गुरायसाठी आणलं?"

"कॉफी हाय ते. मद्रासच्या टेसनावर सायबलोक पितात. काळी. दूध नाही, साखर नाही. तुले काय समजते त्यातलं!"

कस्तुराबाईंनी दाणे पोत्यात टाकले आणि हात पदराला पुसला. नवऱ्याच्या हौसा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. पेटी आणली, दोन सूर शिकून झाल्यावर तिच्या भात्यात उंदरांनी पिलं घातली. घोडा आणला, त्यानं पोळ्याच्या दिवशी साऱ्या गावादेखत धन्याला चिखलात पाडलं. आता कॉफी. होईल हेही, असं म्हणून त्या कामाला लागल्या.

पण कॉफी लवकर सरली नाही. दौलतराव रोज दुपारी स्वतः अंगणातल्या चुलीवर कढई ठेवत आणि दाणे भाजत. दाणे पिवळे पडत, मग तांबूस होत, मग तडतड वाजत, आणि तरी त्यांचं उलथणं चालूच. शेवटी कढईतून असा निळा धूर उठे की पहिल्या दिवशी शेजारचे लोक कडब्याला आग लागली म्हणून घागरी घेऊन धावले. दाणे काळेभोर होऊन तेलानं चकाकायला लागले की मगच दौलतरावांचा जीव निवत असे. सायबाची कॉफी काळी म्हणजे दाणाही काळा पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

संध्याकाळी ओसरीवर मंडळी जमत. त्यात रोजचे म्हणजे उकंडराव. पेरणीच्या दिवसांत दौलतरावांच्या दावणीचे बैल त्यांना लागत, म्हणून बाकीचं वर्षभर दौलतराव जे बोलतील ते त्यांना पटे. कस्तुराबाई दाराआडून बघत. उकंडराव घोट घेत. एरंडेल पाजलेल्या पोराचं होतं तसं त्यांचं तोंड होई, आणि त्या तोंडातून आवाज निघे, "वा दौलतराव, वा! असा माल साऱ्या वऱ्हाडात नाही!" बाकीचे माना डोलवत. दौलतराव पान लावायला वळले की उकंडराव हळूच हात लांब करून उरलेली कॉफी ओसरीलगतच्या लिंबाच्या बुडात ओतत.

कस्तुराबाईंनी एकदा ती चाखून पाहिली होती. तोंडात कोणी चूल विझवावी तसं वाटलं. तेव्हापासून घरात त्या तिला कोळशाचं पाणीच म्हणत. नवऱ्याची त्यांना कीव तरी यायची. किळस यायची ती त्या माना डोलवणाऱ्यांची. एवढे मिशाळ बाप्ये, आणि एक कडू घोट थुंकायची हिंमत नाही.

त्या वर्षीच्या माघात गोजरासाठी रिसोडचं स्थळ आलं. गोजरा त्यांची एकुलती एक लेक. तिचं लग्न लांबलं होतं, कारण दौलतरावांना कोणतंच घर आपल्या तोलाचं वाटत नसे. रिसोडच्या शालिकरामांची मात्र हळदीची मोठी बागायत होती, आणि मुलगा इंद्रभान दिसायला देखणा. पोरगी पाहायला बापलेक येणार, आणि बरोबर मुलाची आई सोजरबाईसुद्धा येणार, असा निरोप आला. बाईमाणूस पोरगी पाहायला निघत नसे तेव्हा.

"लय पुढं पुढं करनारी दिसते," कस्तुराबाई लेकीला म्हणाल्या. "आपल्या घरची भांडी मोजाले येऊन राह्यली असंन."

पाहुणे यायच्या दिवशी दौलतरावांनी सकाळपासून कढई तापवली. रोजच्यापेक्षा जास्त भाजली. अंगणभर धूर.

पाहुण्यांची बैलांची दमणी दारात थांबली. पाय धुणं, पानसुपारी झाली. गोजरा येऊन नमस्कार करून गेली. मग कॉफी आली. सोजरबाई ओसरीच्या कडेला, दाराशी बसल्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हाताला हळदीचा पिवळेपणा कायमचा बसलेला.

शालिकरामांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "वा! काय चीज हाय!"

"फक्कड," इंद्रभान म्हणाला.

दाराआड कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला. जसा बाप तसा लेक. आसेगावात उकंडराव थोडे होते म्हणून रिसोडाहून आणखी दोन आणले देवानं.

सोजरबाईंनी घोट घेतला. क्षणभर तोंडात धरला. मग कसाबसा गिळला आणि कप बशीत ठेवून दिला.

"दादा," त्या दौलतरावांना म्हणाल्या, "हे जळलं हाय."

शालिकराम बायकोकडे डोळे वटारून पाहू लागले.

"सायबाची अशीच असते," दौलतराव म्हणाले.

"सायेबाचं मले माहीत नाही. हे जळलं हाय. आमच्याकडं धने असे भाजले त सून माहेरी पाठोतील." आणि त्या उठून सरळ आत आल्या. कस्तुराबाई दाराआडून बाजूला होईपर्यंत दोघींची जवळजवळ टक्करच झाली.

"बाई, कच्चं बी हाय का घरात?"

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नावं ठेवायला त्यांनी काही शोधलं, पण त्या घडीला सापडलं नाही. "पोतं हाय," त्या म्हणाल्या.

दोघी चुलीपाशी बसल्या. कॉफी दोघींनाही ठाऊक नव्हती. पहिला घाणा त्यांनी जळायच्या भीतीनं लवकर उतरवला, गव्हाच्या रंगावर. यंत्रात घातला तर दाणे दगडासारखे; फिरवता फिरवता गोजराचे हात दुखले. उकळून चाखलं तर आंबट, आणि वर ओल्या कडब्याचा वास.

"हे त गुरायचंच झालं," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या.

दुसऱ्या घाण्याला विस्तव कमी केला. कस्तुराबाई सारख्या हलवत राहिल्या, एक दाणा कढईला टेकून बसू दिला नाही. पिवळे झाले, तांबूस झाले, मग तडतड सुरू झाली. नवऱ्याची कढई इथून पुढे जायची. तडतड मंदावली, थांबली. दाणे फुगून चिंचोक्याच्या रंगावर आले होते, पण वर तेलाचा टिपूस नव्हता.

"उतरवा!" सोजरबाई म्हणाल्या, आणि त्याच वेळी कस्तुराबाईंनी कढई उचललीही होती.

दाणे सुपात ओतले, वारं घालून गार केले, फोलपटं पाखडून टाकली. आता स्वयंपाकघरात धूर नव्हता. वास होता, नुकत्या भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा, आणि त्याच्या मागून गुऱ्हाळाच्या कढईचा. दळून, उकळून, फडक्यातून गाळून तिघींनी घोट घोट घेतला.

कडू होती. पण ते कडूपण जिभेला चावत नव्हतं. ते ओसरलं की मागून गुळाच्या खरवडीसारखं काहीतरी गोड यायचं, आणि अगदी शेवटी पिकल्या बोराची असते तेवढीच आंबट कड. कस्तुराबाईंनी दुसरा घोट घेतला, तो पहिला खरा होता की नाही हे पाहायला.

"पाहा," सोजरबाई म्हणाल्या, "कच्चं ठेवलं त आंबट. जाळलं त कोळसा. अन् जाळल्यावर गहू काय, ज्वारी काय, समद्याची चव एकच, राखेची. आता ह्या बीची सोताची चव लागून राह्यली."

गोजरानं कप पुढे केला. "माय, मले अजून दे."

तेवढ्यात दौलतराव आत आले. तोंड लाल. पण पाहुणीसमोर त्यांनी आवाज दाबला, आणि दमणी रिसोडच्या वाटेला लागेपर्यंत दाबूनच ठेवला. मग फुटले.

"माह्या ओसरीवर, माह्या तोंडावर! हे घर आपल्याले नाही पायजे!"

"गोजरा त्याच घरी जाईन," कस्तुराबाई म्हणाल्या.

"काहून?"

"त्या घरात एक त माणूस खरं बोलते. तुमच्या ओसरीवर एकही नाही."

"उकंडराव खोटं बोलते म्हनतं?"

"लिंबाचं बूड पाहून या."

दौलतराव गेले. लिंबाच्या बुडाशी काळा चोथा साचला होता, महिन्या-दोन महिन्यांचा, थरावर थर. परत आले ते ओसरीवर न बसता पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण पाठीला बाक आला होता. कस्तुराबाईंना एरवी आला असता तो राग आला नाही. त्यांनी उरलेली कॉफी गरम केली, थोडं दूध घातलं आणि कप त्यांच्या हातात दिला.

दौलतराव प्याले. सगळी प्याले.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

कस्तुराबाईंनी कप हिसकावून घेतला आणि आत गेल्या. गाढवाला गुळाची चव काय, हे त्या मोठ्यानं म्हणाल्या की मनात, ते गोजराला नीट ऐकू आलं नाही.

वैशाखात लग्न लागलं. सोजरबाईंना आता कस्तुराबाई ईनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणू लागल्या होत्या. मांडवात दौलतराव वऱ्हाड्यांना सांगत होते, की कॉफी मध्यम भाजावी, तडतड थांबली की उतरवावी, ही खुबी आपल्याला मद्रासच्या एका सायबानं सांगितली. सगळे माना डोलवत होते. दोघी विहिणी चुलीमागून ऐकत होत्या. सोजरबाई उठायला लागल्या तेव्हा कस्तुराबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या, ईनबाई. तिकडं सांगून काय फायदा!"

पहिल्या दिवाळीला लेक-जावई आले. इंद्रभाननं फराळाच्या ताटाची इतकी तारीफ केली की खारट झालेल्या चिवड्यालाही त्यानं सोडलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी कस्तुराबाईंनी लेकीला आत घेतलं.

"कसा हाय गं?"

"गोड बोलतात," गोजरा म्हणाली. "समद्यालेच वा वा. भाजी जळली तरी वा."

"अन् मंग?"

"मंग सासूबाई म्हनतात, जळली हाय, टाक अन् दुसरी कर. मी टाकतो, अन् दुसरी करतो."

कस्तुराबाईंनी बाहेर एक नजर टाकली. सासरे-जावई एकमेकांची तारीफ करत बसले होते.

"बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.