न ऐकलेला तुकडा

"वहिनी, सुई टेकली की बोलायचं नाही. दाराची कडीही वाजवायची नाही. काही हवं असेल तर बाजू संपेपर्यंत धीर धरायचा."

लग्न होऊन मी या घरात आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी यांच्या मित्राने, बेकरीवाल्या भाऊजींनी, त्यांच्या बेकरीत मला हे बजावलं होतं. आवाज हळू, पण पुढे काही विचारायची सोय नाही असा. मी नवी नवरी, हातात पाण्याचा तांब्या, तशीच दारात उभी राहिले. आत तीन तरणेताठे पुरुष डोळे मिटून बसलेले. त्यातले एक माझे यजमान. मला वाटलं, कसली तरी प्रार्थना चालू आहे. नंतर कळलं की फार चुकीचं वाटलं नव्हतं.

ती खोली बेकरीच्या मागच्या अंगाला. एक भिंत भट्टीला लागून, त्यामुळे थंडीत तिला पाठ टेकायला भांडणं आणि उन्हाळ्यात तिच्यापासून लांब बसायला भांडणं. पिठाची पोती हीच बैठक. रेकॉर्ड प्लेअर एका लाकडी खोक्यावर, त्याखाली घडी घातलेली जुनी घोंगडी, कणीक मळायच्या यंत्राची थरथर सुईपर्यंत पोचू नये म्हणून. दर रविवारी दुपारी तिथे तिघं जमायचे. चष्म्याच्या काचा घासणारे आमचे हे, बेकरीवाले भाऊजी आणि वकील. वकिलांना वकीलच म्हणायचे सगळे, त्यांची आईसुद्धा.

ऐकायचे ते एकाच बँडचं. कुठल्याशा थंड देशातले चौघं. तिघांच्या बोलण्यात त्यांना नाव नव्हतंच, नुसतं 'ते चौघं'. रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणजे एकच सलग रचना, बाजू संपेपर्यंत चालणारी. तिचा पहिला भाग इतका उदास की मी बाहेर भाजी निवडत असले तरी हात थांबायचा. पुढचा भाग मात्र असा की कुणीतरी सगळी दारं-खिडक्या एकदम उघडाव्यात. आणि या दोन्हींच्या मधला तुकडा आमच्याकडे नव्हता.

रेकॉर्ड घेतल्यावर आठवड्याच्या आतच, दुसरी बाजू एकदाही लावायच्या आधी, तिच्यावर भट्टीतून काढलेला ट्रे पडला होता. कोपरा टेकला तिथे रेकॉर्ड वितळून गुळगुळीत झाली. सुई त्या डागावर आली की खट्ट करून घसरायची आणि थेट आनंदात जाऊन पडायची. मधलं मिनिटभराचं काहीतरी गायब. ट्रे कुणाच्या हातून पडला ते तिघांपैकी एकानेही कधी सांगितलं नाही. वकील म्हणायचे, "साक्षीदार नाही, पुरावा वितळला. खटला उभा राहत नाही."

पण वाद मात्र जन्मभर चालला. इतक्या दुःखातून माणूस इतक्या आनंदात पोचतो कसा? मध्ये आहे काय? यांचं म्हणणं, नुसता ड्रम असणार. वकिलांचं म्हणणं, पूर्ण शांतता असणार, आणि मग एकदम उजाडणार. भाऊजी काहीच म्हणायचे नाहीत. "कळेल," एवढंच.

त्यांना दुसरी प्रत मिळाली नसती असं नाही. पण त्याच सुमारास ते चौघं मोठ्या शहरात वाजवायला येणार अशी बातमी आली होती. तिघांनी पोत्यांवर बसून शपथ घेतली. तो तुकडा आता ऐकायचा तो समोर, ते चौघं वाजवत असताना, आणि तिघांनी मिळून. तोवर कुठेही कानावर पडू द्यायचा नाही. कार्यक्रम रद्द झाला. शपथ राहिली.

मी स्वतः नेमाधर्मातली. सकाळचा दिवा लागेपर्यंत कुणाशी बोलत नाही, आठवड्यातला एक दिवस एकवेळ जेवते. त्यामुळे मला त्यांच्या शपथेचं हसू कधी आलं नाही. माझ्या जावा हसायच्या. "तुझा नवरा गाणं न ऐकण्याचं व्रत करतो म्हणे!" मी म्हणायचे, तुमचे नवरे काय न करण्याचं करतात ते सांगा आधी.

पुढे त्या चौघांमधला ड्रमवाला गेला. बँड मोडला. आता समोर ऐकणं होणार नव्हतं. वकिलांनी शपथेत दुरुस्ती सुचवली, समोर नाही तर नाही, तिघांनी मिळून तरी ऐकून टाकू. एव्हाना फोनवर बोट ठेवलं की सगळं वाजत होतं. "हो, पुढच्या रविवारी," हे म्हणाले. पुढच्या रविवारी भाऊजी म्हणाले, पुढच्या रविवारी. असे कितीतरी रविवार गेले. मला वाटतं, काहीतरी ऐकायचं उरलंय या सुखाला तिघंही चटावले होते. मग एका सकाळी कोर्टाच्या पायऱ्या चढताना वकील खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर तो विषय निघाला नाही. रविवार चालू राहिले. सुई डागावर आली की दोघं तिसऱ्या पोत्याकडे बघायचे.

या वर्षी भाऊजींना चक्कर यायला लागली. तपासण्या झाल्या. ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. काढावीच लागणार होती, नाहीतर जिवावर बेतलं असतं. पण गाठीबरोबर कान जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या कानाने त्यांना लहानपणापासूनच ऐकू येत नव्हतं. म्हणजे ऑपरेशननंतर सगळंच बंद.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी हे खिशात फोन घेऊन गेले. मीही बरोबर होते, भाऊजींच्या सुनेला काही मदत लागली तर म्हणून.

रेकॉर्ड वाजली. सुई घसरली. बाजू संपली. यांनी फोन काढून पोत्यावर ठेवला.

"काय हे?" भाऊजींनी विचारलं.

"मधला तुकडा. ऐक."

"शपथ तिघांची होती."

"अरे मूर्खा, बुधवारी कान जाणार आहे तुझा!"

"माझाच जाणार आहे ना? मग ओरडतोस कशाला, अजून येतंय ऐकू."

"तू ऐक. मी बाहेर जातो. माझी शपथ राहू दे, तुझी मोडू दे. देव काही हिशेब मागायला येत नाही."

"वकील न ऐकता गेला," भाऊजी म्हणाले. "वर भेटला आणि विचारलं, काय रे, मी गेल्यावर ऐकलंस ना? तर काय सांगू? त्याच्यापुढे खोटं टिकत नाही, तुला माहीत आहे."

"वर, वर! वर काही नाहीये! इथे आहे ते ऐक!"

 फोन उचलून हे तरातरा निघून गेले, चपला न घालता. चपला मी हातात घेतल्या.

भाऊजी बराच वेळ रेकॉर्ड पुसत बसले. मी म्हटलं, "भाऊजी, एक सांगू? पुरा होणारच नाही असा नेम देव धरून ठेवत नाही. त्याची सांगता करता येते. तुम्ही ऐकलंत तर काही पाप नाही."

"पापाचं नाही वहिनी. बोललोय, एवढंच." मग रेकॉर्ड पाकिटात सरकवता सरकवता ते थांबले. "तुम्ही कुठे शपथ घेतली होती?"

"मी? मला कोण घेऊ देणार होतं? मला कडी वाजवायची बंदी."

ते हसले. हसताना डोकं धरावं लागलं त्यांना. "मग तुम्ही ऐका. माझं ऑपरेशन झालं की या, आणि माझ्या हातावर वाजवून दाखवा. शपथ कानांची होती. हाताबद्दल काही ठरलेलं नव्हतं. वकील असता तर हाच मुद्दा त्यानेच काढला असता."

"भाऊजी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. आम्ही असतो तर आमच्या मनातलंच वाजवलं असतं. फक्त घाई करू नका. पाठ झाल्याशिवाय येऊ नका. अर्धवट मी जन्मभर ऐकलंय."

मी हो म्हटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. हे दवाखान्यात गेले, पण काचेतूनच बघून आले. भाऊजी घरी आले तरी बेकरीकडे यांची पावलं वळेनात. "जाऊन काय करू? बोललेलं ऐकू येत नाही त्याला." मी म्हटलं, ऐकू येत होतं तेव्हा तरी काय चांगलं बोललात.

मी लेकीला फोन केला. म्हटलं, बाबांच्या त्या चौघांची ती मोठी रचना मला पाठव.

"आई, तू? रॉक? बाबांनी बाटवलं की काय तुला?"

"पाठव म्हटलं ना. आणि कानात घालायच्या त्या गोळ्या कशा लावतात तेही सांग."

"गोळ्या नाहीत गं आई... तू बस तिथेच, मी डॉक्टरला घेऊन येते."

रोज सकाळी प्रार्थना झाली की मी खिडकीशी बसायचे. मधूनच उघडून तेवढाच तुकडा ऐकणं मला बरं वाटेना. पोथी मधून वाचत नाहीत. म्हणून बाजू पहिल्यापासून ऐकायचे. पहिल्या दिवशी डोक्यात भांडी पडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्या भांड्यांत थोडी रांग लागली. उदास भाग माझा ओळखीचाच होता, इतकी वर्षं दाराबाहेरून ऐकलेला. मग ती जागा आली, जिथे आमची सुई घसरायची, आणि मी खिडकीची चौकट घट्ट धरली. घसरली नाही. पुढे चालत राहिली.

तिथे शांतता नव्हती. नुसता ड्रमही नव्हता. दोघांचंही चुकलं होतं. ती दुःखाची चाल बदलतच नाही. तीच, तशीच, जराही न सावरता चालू राहते. फक्त तिच्या खाली एक ताल हळूच चालायला लागतो, आजाऱ्याला धरून कुणी अंगणात फिरवावं तसा. आधी सात मात्रांत, अडखळत. मग एक मात्रा वाढते. मग पावलं भरायला लागतात, आणि कधी दारं उघडली ते कळत नाही. उघडल्यावरही वर तीच चाल असते. तोच आनंदाचा भाग, जो इतकी वर्षं आम्हाला वेगळा वाटत होता.

मी गोळ्या काढून ठेवल्या आणि वकिलांची आठवण येऊन रडले.

ऐकणं एक आणि हातात उतरणं एक. डाव्या हाताने चाल धरायची, उजव्याने ताल चालवायचा. माझ्या बोटांना जपाची सवय, ती आपली सारख्या पावलांनी जाणारी. सातावर आली की पुढे पाय टाकायला जमीन शोधायची. डावा हात उजव्याच्या मागे धावायचा. दूध उतू गेलं, दोनदा. जेवताना बोटं आपोआप ताटाच्या कडेवर चालायला लागली की हे घास टाकून उठायचे. "अगं थांब! मला कळतंय!" आणि कानांवर हात ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. भांडण होतं, अबोला होता, पण शपथ काही सोडली नव्हती.

एका सकाळी हात चुकले नाहीत. दुसऱ्या सकाळीही नाहीत. मी भाऊजींच्या सुनेला निरोप दिला, रविवारी दुपारी येते म्हणावं. तिने पाटीवर लिहून त्यांना दाखवलं. म्हणाली, "काकू, मामंजींनी सकाळपासून हात धुऊन ठेवलेत, आणि आज तर शुक्रवार आहे."

रविवारी शाल घेऊन मी खाली यांच्या चष्म्याच्या दुकानात उतरले. हे काच यंत्राला लावून घासत बसले होते. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं, हल्ली उघडं ठेवत होते.

"झालं पाठ?" मान वर न करता विचारलं.

"झालं."

"आणि चुकलीस तर?"

"पहिल्यापासून. तिथे कोण शिट्टी मारणार आहे."

यंत्र थांबलं. "लांब आहे का गं तो तुकडा?"

"सांगणार नाही."

"नको सांगूस." त्यांनी काच उजेडात धरली, उगाच. "ड्रम आहे का, एवढंच..."

"अहो!"

काच खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याच्या उजव्या बाजूला बसू नको. टाके तिकडे आहेत. धक्का लागेल."

"तुम्हीच चला ना. बसवा मला नीट."

"त्याने तुला बोलावलंय. मला नाही."

"तुम्हाला कधी बोलवावं लागलं होतं? मला दोन्ही हात लागणार आहेत, दोन्ही त्यांच्या तळव्यांवर. तुम्ही माझ्या हातांवर हात ठेवा. कान लागणार नाही त्याला. तुमचीही शपथ राहील."

"त्याच्यासमोर? तुझ्या हातावर?"

"ते डोळे मिटतात. तुम्हीही मिटा."

हे उठले. बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघितली. काचेची पांढरी पूड नखांत बसलेली होती. "याने काही कळायचं नाही," असं स्वतःशीच म्हणून मागे मोरीवर गेले. नळाचा आवाज आला, साबण चोळल्याचा आला, पुन्हा नळाचा.

मी थांबले नाही. रविवारची दुपार म्हणून सांगितलं होतं, आणि भाऊजी दाराकडे बघत बसले असणार. दोन्ही हात शालीखाली घेतले, कारण बोटं आत्तापासूनच चालायला लागली होती, आणि पायरी उतरून बेकरीच्या रस्त्याला लागले.