विहिरीत सोडलेला कंदील

मी कंदील बोलतोय. गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या वाड्यावर लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी माझी काच राखेने पुसली जायची. पुसायची सिंधू. ती हायस्कुलात सायन्स शिकवायची आणि घरी ओसरीवर मुलांची शिकवणी घ्यायची. तिचा नवरा धाकू खाणीवर ट्रक चालवायचा. त्याचा थोरला भाऊ शंभू आणि वहिनी पार्वती शेजारच्या घरात राहायचे. दोन घरांत मिळून एक विहीर होती.

शिकवणीच्या वेळी मी खुंटीवर असायचो. ऐकून ऐकून मलाही थोडं कळू लागलं. सिंधू सांगायची, "कार्बनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन चार, ऑक्सिजनचे सहा. कोणी कोणाचे ओढून नेत नाही. दोघे आपापले मध्ये ठेवतात आणि दोघेही ते वापरतात. हा सहसंयुज बंध." मग नावं यायची. मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन, ट्राय म्हणजे तीन. पहिलं मूलद्रव्य एकटं असेल तर त्याला मोनो लावायचा नाही, दुसऱ्याला लावायचा. कुणी कार्बन मोनॉक्साइडच्या जागी डायऑक्साइड लिहिलं की ती पाटी परत द्यायची. "एक ऑक्सिजन इकडचा तिकडे झाला की वस्तूच बदलते. नाव नीट घे."

त्याच सुमारास राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. शंभू कोंकणीच्या मोर्च्याला गेला, धाकू मराठीच्या सभेला. परत आल्यावर दोघे अंगणात भांडले आणि बोलणं बंद झालं. गंमत अशी, की भांडताना दोघांच्या तोंडी एकच बोली होती. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही.

पुढच्या मे महिन्यात गोवा राज्य झालं. रेडिओवर भाषणं चालली होती आणि आमच्या विहिरीचा तळ दिसत होता. खाणीचा खड्डा खोल गेला तसं पाणी खाली सरकलं होतं. वरचा पंप ओढीना, म्हणून शंभूने रॉकेलवर चालणारा पंप दोरांनी खाली सोडून विहिरीतल्या टप्प्यावर बसवला.

एका दुपारी तो पंप चालता चालता बंद पडला. शंभू बघायला पायऱ्या उतरला. बराच वेळ झाला तरी वर येईना, म्हणून पार्वतीने डोकावलं. तो पंपाशेजारी आडवा पडला होता.

तिची हाक ऐकून धाकू धावला. अबोला कुठल्या कुठे गेला. जाताना त्याने मला खुंटीवरून ओढून घेतलं, कारण विहिरीतली हवा तपासायची जुनी रीत तीच. कंदील विझला तर उतरायचं नाही. त्याने मला पेटवलं, दोरीला बांधलं आणि खाली सोडलं.

मी शंभूच्या तोंडाजवळ जाऊन लोंबकळलो. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. माझी ज्योत सरळ, पिवळी, जरासुद्धा हलली नाही.

"वारो बरो आसा. कंदील पेटता," धाकू म्हणाला आणि त्याने पायरीवर पाय ठेवला.

इतक्यात सिंधू पोचली. तिने पंप पाहिला आणि धाकूचे दोन्ही पाय मिठीत धरले.

"उतरू नकात. हो पंपाचो धूर. मोनॉक्साइड. तेका कंदील विझना नाय."

"सोड माका. माझो भाव खाली पडलो आसा."

"तुमीय थंयच पडतलास."

ती खरं बोलत होती. हवेतला प्राणवायू घटला की मी विझतो. डायऑक्साइड साचला तरी विझतो. मोनॉक्साइडचा मात्र मला पत्ताच लागत नाही, आणि माणसाच्या रक्ताला तो असा चिकटतो की प्राणवायूला जागा उरत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. खाली लोंबकळत मी नुसता उजेड देत राहिलो. त्या घडीला विझता आलं असतं तर मी माझी वात गिळली असती.

धाकूने तिला ढकललं, तिचं कपाळ कठड्यावर आपटलं, पण तिने पाय सोडले नाहीत. शेजारच्या गोपाळने त्याला मागून धरलं. सिंधूने लोकांना पाण्याच्या घागरी ओतायला लावल्या, पाल्याच्या फांद्या दोरीला बांधून वरखाली करायला लावल्या, म्हणजे खालची हवा हलेल. मग कंबरेला दोर बांधून धाकू उतरला आणि भावाला वर घेऊन आला. शंभू गेला होता.

पार्वती रडली नाही. मला उचलून तिने सगळ्यांसमोर धरलं. "हो पेटत होतो. वारो बरो होतो. हिना आडवल्यान. मोर्च्याचो राग काढल्यान." सिंधूने धाकूकडे पाहिलं. धाकू खाली बघत राहिला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरने त्याच वायूचं नाव सांगितलं. पण ते नाव पार्वतीला सिंधूच्या शिकवणीतलंच वाटलं. तिने मला आपल्या घरी नेलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साक्षीदार म्हणून दाखवत राहिली. सिंधूची शिकवणी बंद पडली. धाकू तिच्या हातचं जेवायचा, पण बोलायचा नाही. भिंतीपलीकडून तिची भांडी वाजायची, आवाज मात्र येत नसे. मी काचेच्या आत गुदमरत होतो. जीभ असती तर ओरडलो असतो.

दोन उन्हाळे गेले. परवा पाणी पुन्हा तळाला गेलं आणि पार्वतीच्या भावाने, विठूने, पंप पुन्हा टप्प्यावर सोडून चालू केला. पंप बंद पडला तसा तो दारात आला. "ताई, कंदील दी. बघून उतारतंय."

पार्वतीने मला काढलं. काच वर केली, काडी ओढली. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली, पण तिने ती वातीला लावली नाही.

"ह्येका काय्येक कळना नाय," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "जा, सिंधूक हाक मार."

सिंधू ओले हात पदराला पुसत आली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. तिने विठूला विचारलं, "पंप कितको वेळ चाललो?"

माझं मागणं थोडंच आहे. मला ताटाजवळ ठेवा, गोठ्यात न्या, वाटेवर धरा. विहिरीत उतरण्याआधी मात्र मला विचारू नका.