केशरी पलंगपोस

लोरेदानाने केबिनचा पडदा ओढून घेतला. आईने तो सारला. लोरेदानाने पुन्हा ओढला.

"डोळ्यांवर ऊन येतंय तुझ्या," ती म्हणाली.

"नेपल्सचं ऊन आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षं खाल्लंय मी ते. सार तो पडदा."

सहा दिवस हेच चालले होते. जिनोव्हाला, लोरेदानाच्या गावी, जहाजावर पाऊल ठेवल्यापासून आईने एकाही गोष्टीला बरे म्हटले नव्हते. जहाजावरची कॉफी म्हणजे भांडी विसळलेले पाणी. मार्सेलच्या मासळीच्या रश्श्याचे तिने दोनच चमचे घेतले आणि वाटी वाढप्याकडे अशी सरकवली, की त्या बिचाऱ्याने माफी मागितली. बार्सेलोनात सगळे माना वर करून चर्च बघत होते, तेव्हा ही चर्चकडे पाठ करून उभी. दुसऱ्यांच्या दारात तोंड वासून उभे राहायला मी आले नाही, असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. पाल्माला कुणीतरी भिंतीवर 'पर्यटकांनो, परत जा' असे रंगवून ठेवले होते. या गावाला अक्कल आहे, एवढे एकच कौतुक तिने अख्ख्या प्रवासात केले.

लोरेदानाने सगळे गिळले. गिळणे भागच होते. आजचा नेपल्सचा एक दिवस पार पडला की उद्या जिनोव्हा, आणि तिथून आई थेट लोरेदानाच्या घरातल्या मागच्या खोलीत. नेपल्सचे घर धाकट्या भावाने, पास्क्वालेने, आईच्या नकळत एव्हाना रिकामे केले होते. चार मजले, लिफ्ट नाही, आई जिन्यात दोनदा पडलेली, हे दोघा भावंडांचे एकमेकांना सांगायचे कारण. त्या घराच्या तीन खोल्या पर्यटकांना भाड्याने जाणार होत्या, हे न सांगायचे. भाड्याचा करार गच्चीच्या दुरुस्तीच्या कागदांत घालून त्यावर आईची सही घेतली होती. तिचा फोनही बिघडल्याचे सांगून लोरेदानाने आपल्या घरी ठेवला होता.

"मला वर घेऊन चल," आई म्हणाली. "तितिना पलंगपोस लावणार आहे."

लोरेदानाचा हात पडद्यावरच राहिला.

तितिना आईच्या खालची, तिसऱ्या मजल्यावरची. दोघींचे चाळीस वर्षांचे भांडण आणि तेवढीच मैत्री. त्यांच्या गल्लीत मदोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, मिरवणूक आली की प्रत्येक घर आपला सर्वांत चांगला पलंगपोस सज्ज्याच्या कठड्यावर सोडते. आईचा लग्नातला, केशरी रेशमी. मिरवणुकीतला शेवटचा माणूस वळणाआड गेल्याशिवाय तो आत घ्यायचा नाही. आधी घेतला तर जाणाऱ्याचा अपमान. एका वर्षी पावसात रंग उतरला तरी आईने तो हलू दिला नव्हता. या वेळी आई निघताना तितिनाने कबूल केले होते, की तुझे जहाज येईल तेव्हा तुझ्या कठड्यावर लावीन, किल्ली आहेच माझ्याकडे.

लोरेदानाने न्हाणीघरात जाऊन पास्क्वालेला फोन केला. पलंगपोस ना, तो तितिनाने मागितला, म्हणून देऊन टाकला, तो म्हणाला. बाकी सगळे भंगारात गेले, तू निर्धास्त राहा. लोरेदानाने तोंडावर पाणी मारले. पलंगपोस तरी वाचला होता.

वरच्या डेकवर आईने दुर्बीण डोळ्यांना लावली. ती बाबांची, बाबांचा जन्म बंदरात जहाजे ओढणाऱ्या टगबोटीवर गेला होता. जहाज धक्क्याला लागत होते आणि टेकडीवरची घरे एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होती.

"दिसला," आई म्हणाली.

लोरेदानाचा जीव भांड्यात पडला. "छान दिसतोय ना?"

"छान दिसतोय." दुर्बीण खाली आली नाही. "तिसऱ्या मजल्यावर."

लोरेदानाने दुर्बिणीसाठी हात पुढे केला. आईने ती दिली नाही.

"माझ्या खिडक्या उघड्या टाकल्यात. पडदे नाहीत. तितिनाकडे किल्ली होती. किल्ली कुलपाला लागली असती तर तिनं माझ्याच कठड्यावर लावला असता." आईने दुर्बीण उतरवली. "कुलूप कधी बदललं?"

"आई, तुझ्या पायांना ते जिने…"

"कधी?"

"मंगळवारी."

आईने थोडा विचार केला. "मंगळवारी आपण बार्सेलोनात होतो. तू मला आइस्क्रीम घेऊन दिलंस."

एवढेच बोलून तिने पर्स घेतली आणि जिन्याने निघाली. लिफ्टकडे पाहिलेसुद्धा नाही. लोरेदाना मागे धावली. घर आता राहण्यासारखे उरले नाही, पलंगसुद्धा नाही, हे ती तिला जिन्यातच सांगत होती. उतरायच्या दारापाशी आईने आपले जहाजाचे ओळखीचे कार्ड यंत्रावर टेकवले आणि लगेच ते लोरेदानाच्या हातात दिले.

"साडेपाचला परत यायचंय," लोरेदाना म्हणाली. "हे नसेल तर आत घेणार नाहीत तुला."

"ठेव. माझा फोटो आहे त्यावर. तुला तेवढा पुरेल." मग ती थांबली. "मागं येऊ नकोस. तितिनाकडे एकच जादा पलंग आहे."

साडेपाच वाजले. आई आली नाही. सहाला जहाज सुटले.

डेकवर सगळी माणसे हसत गावाला हात हलवत होती. लोरेदानाने खुर्चीवर विसरलेली दुर्बीण डोळ्यांना लावली. तिसऱ्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, त्यांच्यासमोर केशरी रेशीम वाऱ्यावर फुगत होते. आई जहाजाकडेच बघत होती. लोरेदानाने एक हात वर केला आणि हलवला, आधी थोडा, मग खूप.

आई वाकली. दोन्ही हातांनी पलंगपोस कठड्यावरून ओढत तिने तो सगळा छातीशी गोळा केला आणि आत गेली. तितिनाने मागून सज्ज्याच्या दाराची झडप लावून घेतली.

जहाज अजून बंदराच्या आतच होते.