अकरा नावांचं पहिलं पान

फैजपूरला जाताना प्रज्ञाने मला गाडीत तीनदा बजावलं, "आजी, तू फक्त बसून राहा. गणित काढू नकोस."

एकतीस वर्षं मी धुळ्याला मुलींच्या शाळेत गणितच काढलं. त्यामुळे मी कबूल काहीच केलं नाही, नुसती खिडकीतून केळीच्या बागा बघत राहिले.

प्रज्ञा म्हणजे माझ्या भावाची, देवचंदची नात. ती वेबसाइटची आखणी करते. चार महिन्यांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून जळगावला आली, माझ्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि दारावर पाटी लावली. चार महिन्यांत एकही काम आलं नाही. पुण्याच्या कंपनीने तिची जागा धरून ठेवली होती, पण आज संध्याकाळी पाचपर्यंतच. तिला परत जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती, पण ते मी बोलून दाखवलं नव्हतं. आता सगळं फैजपूरच्या तोताराम आबांवर होतं. त्यांची केळीच्या रोपांची रोपवाटिका आहे. ते हो म्हणाले तर पहिलं काम मिळणार होतं.

आखणी माझ्याच फरशीवर झाली होती. माझ्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. कोऱ्या पाठी टाकून द्यायला मला जमत नाही. त्या कापून प्रज्ञाने वेबसाइटच्या प्रत्येक पानाची एक चिठ्ठी केली, चिठ्ठ्या फरशीभर मांडल्या आणि म्हणाली, "आजी, तू शेतकरी. तुला रोपं पाहिजेत. चाल." मी पदर खोचून चिठ्ठीवरून चिठ्ठीवर गेले. दोन पावलांत फोन नंबरापाशी पोचले. बहात्तराव्या वर्षी मी एवढी हसले की शेजारीण डोकावून गेली.

आबांच्या ओसरीवर अकरा पुरुष बसले होते. आबा, त्यांचे चार भाऊ आणि सहा मुलगे-पुतणे. आबांची सून दिपमाला सरबताचा ट्रे घेऊन आली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो, अडीच हजार रोपं, पुढच्या गुरुवारी," असं सांगून तिने फोन ठेवला आणि पेले वाटले. खाटेवर ललित नावाचा जामनेरचा एक शेतकरी गाडीत रोपं भरायची वाट बघत बसला होता.

प्रज्ञाने पहिलं पान दाखवलं. हिरवं रोप, खाली रोपं मिळण्याची तारीख, त्याखाली फोन नंबर. बाकी मोकळं.

आबांनी लॅपटॉप जवळ ओढला. "बाकीचं कुठं गेलं?"

"एवढंच आहे, आबा. मुद्दाम मोकळं ठेवलंय."

"आमची नावं?"

"नावं आत आहेत. दुसऱ्या पानावर."

"दुसऱ्या पानावर!" आबांनी भावांकडे पाहिलं. "ऐकलं का रे? दारात उभं राहून पाहुण्याले म्हनायचं, घरचे लोक मागच्या अंगणात हायेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्यांना वेबसाइट म्हणजे लग्नपत्रिका वाटत होती. आपल्याकडे पत्रिकेत नाव कुठल्या ओळीत येतं ह्यावर माणूस जेवतो की नाही ते ठरतं. गेल्याच वर्षी आबांच्या धाकट्या भावाचं, पितांबर नानांचं नाव पुतण्याच्या पत्रिकेत दुसऱ्या ओळीत गेलं, तर नाना मांडवासमोरच्या पानटपरीवर उपाशी बसून होते. लग्न लागेपर्यंत तिथून हलले नाहीत.

"ठीक आहे, नावं वर घेते," प्रज्ञा म्हणाली. "पहिलं कोणाचं?"

एवढं पुरलं.

"मोठा कोन आहे? मी," आबा म्हणाले.

"रोपवाटिका कोनं काढली? मी," पितांबर नाना म्हणाले.

"पाणी कोणाच्या विहिरीचं?" तिसऱ्या भावाने विचारलं. चौथा चप्पल शोधायला लागला. प्रज्ञाने घड्याळ पाहिलं. साडेतीन. तिचा चेहरा असा उतरला की माझ्याच्याने राहवेना.

"थांबा," मी उठून म्हणाले. "अकरा नावं किती तऱ्हांनी मांडता येतील, सांगा बरं?"

"आजी!" प्रज्ञा म्हणाली.

"पंधरा-वीस," आबा म्हणाले.

"तीन कोटी नव्याण्णव लाख सोळा हजार आठशे."

मला एकोणऐंशी साल आठवलं. पाच मुलींना फळ्यासमोर उभं केलं होतं, एकशेवीस तऱ्हा करून दाखवायच्या होत्या. चौऱ्याऐंशीव्या तऱ्हेला घंटा झाली, तरी पोरी जागेवर जाईनात.

"मिनिटाला एक मांडणी बघायची म्हटली," मी म्हणाले, "तर रात्रंदिवस बसून शहात्तर वर्षं लागतील. आबा, तुम्ही पाळण्यात असल्यापासून बघत असता तर आत्ता कुठे संपलं असतं. मग एकच मांडणी धरून कशाला बसायचं? पान उघडलं की नावं पिसायची. दर वेळी नवा क्रम. कोणी कायमचा पहिला नाही, कोणी कायमचा शेवटचा नाही."

हे सगळ्यांना पटलं. प्रज्ञाने दात-ओठ खात दहा मिनिटांत ते करून दिलं आणि घरच्या ग्रुपवर पाठवलं.

अकरा फोन एकदम उघडले.

"माझ्या फोनात पितांबर पहिला कसा?" आबा ओरडले.

"बंद करून पुन्हा उघडा," मी म्हणाले. "अकरांत एकदा येईल तुमचं."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. अकरा बाप्ये माना खाली घालून पान उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. "आलो! आलो!" करत एक पुतण्या उठून नाचला. पितांबर नाना लागोपाठ दोनदा पहिले आले आणि त्यांनी आबांना टाळी मागितली. आबा सतराव्या वेळी आले, तर चष्मा काढून डोळे पुसले. मी तर हसून हसून खांबाला धरलं.

"बाई," खाटेवरून ललित म्हणाला. त्यालाही कोणीतरी पान पाठवलं होतं. "मी केव्हाचा अंगठा सरकवतोय. ह्याच्यात रोपं कुठं आहेत?"

दिपमालाने ट्रे खाली ठेवला. पदर सावरला. "आबा, एक विचारू? केळीच्या घडाला तेरा फण्या आल्या तर तुम्ही काय करता?"

"खालच्या कापतो. बठ्ठ्या, साऱ्याच्या साऱ्या ठेवल्या तर एकही केळं भरत नाही. हे काय विचारनं झालं?"

"मग ह्या पानावर अकरा कशाला ठेवल्या?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं. प्रज्ञाने लॅपटॉप अर्धा मिटला.

"म्हंजे," आबा सावकाश म्हणाले, "आमी खालच्या फण्या?"

पहिलं हसू पितांबर नानांना फुटलं. त्यांच्या हातातलं सरबत धोतरावर सांडलं. मग पुतणे, मग चप्पल घालून बसलेला भाऊ, आणि शेवटी आबा, पोट धरून. "सून कापते रे आपल्याले! विळा घेऊन कापते!"

हसणं ओसरल्यावर आबांनी प्रज्ञाला जवळ बोलावलं. "तुझंच पान ठेव. मोकळं. नावं दुसऱ्या पानावर ने, पन ती फिरती राहू दे. आमाले खेळाले लागतील."

"आणि पहिल्या पानावर फोन नंबर कोणाचा द्यायचा?"

पुन्हा अकरा तोंडं उघडली. आबांनी हात वर केला. "फोन कोन उचलतं?"

सगळे दिपमालाकडे बघायला लागले.

"मग तिचाच टाक. नंबर टाकशील तर नावही टाक. नाव नसलं तर फोनवाल्यानं काय म्हनून हाक मारायची?"

प्रज्ञाने तिथेच तिचं नाव टाइप केलं. आख्ख्या पानावर तेवढं एकच नाव. दिपमालाने ते तिच्या फोनमध्ये उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं. दर वेळी तीच पहिली होती.

पावणेपाच वाजले होते. प्रज्ञाने ओसरीतूनच पुण्याला फोन लावला. मागे भाऊ-पुतण्यांचा खेळ पुन्हा रंगात आला होता. बहुतेक आबा परत पहिले आले असावेत, कारण कोणीतरी ताट बडवत होतं.

"नाही, सर. मी येत नाही," प्रज्ञा मोठ्याने म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने कानावर तळहात दाबला, माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

"आवाज? ऑफिसात आहे, सर. आज जरा काम जास्त आहे."