आपोआप लागलेली कडी

सरकारी वकीलबाई दुकानात आल्या तेव्हा चष्मेबाई एका आजोबांच्या चष्म्याची दांडी गरम करून वाकवत होती. चष्मेबाई हे नाव गल्लीतल्या पोरांनी पाडलेलं. दुकान काही तिचं नव्हतं. मालक आतल्या खोलीत डोळे तपासायचे आणि ही बाहेर गिऱ्हाइकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवायची. पण पोरांना मालक कधी दिसायचेच नाहीत. आजोबा आरशात दोनदा बघून खूश होऊन गेले. मग वकीलबाईंनी आपली ओळख सांगितली आणि चष्मेबाईच्या पहिल्या नवऱ्याचं नाव घेतलं.

चष्मेबाईने हातातला चिमटा खाली ठेवला. या दुकानात ते नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं.

"त्याला काही झालं का?"

"त्यांना नाही. त्यांच्यावर खटला आहे. काय झालं ते मी आत्ता सांगणार नाही, कारण मला तुम्हाला काही सुचवायचं नाही. तुमच्या संसारात काही त्रास झाला असेल तर तो तुमच्या शब्दांत ऐकायचाय. सांगायचं नसेल तर तसं म्हणा, मी जाते."

आतून मालकांनी डोकं बाहेर काढलं, दोघींकडे बघितलं आणि पुन्हा आत जाऊन रेडिओ लावला. कामाच्या वेळी रेडिओ लावलेला त्यांना मुळीच खपायचा नाही. चष्मेबाईला ते समजलं, बरंही वाटलं.

कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना. शेवटी तिने गॅलरीपासून केली.

"मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले की मागचं काचेचं दार बंद व्हायचं. आतून कडी. आधी काहीतरी बिनसलेलं असायचं. म्हणजे मी शेजारणीकडे जास्त वेळ बसले, किंवा फोनवर हसले, असलं काही. ऊन असो, थंडी असो. तो काचेपलीकडे खुर्ची ओढून पेपर वाचत बसायचा. आवाज चढवायचा नाही हो. म्हणायचा, 'जरा हवा खा, डोकं थंड होईल.'"

वकीलबाईंचं पेन थांबलं. "काय म्हणायचे? पुन्हा सांगा."

"जरा हवा खा, डोकं थंड होईल. प्रत्येक वेळी हेच. मग दार उघडलं की म्हणायचा, कडी आपोआप लागली, वाऱ्याने. एकदा मी म्हटलं, वाऱ्याला काय बोटं असतात? त्या दिवशी कानाखाली बसली. हा डावा कान तेव्हा गेला तो गेलाच."

हे सगळं तिने गिऱ्हाइकाला फ्रेमची किंमत सांगावी तशा सुरात सांगितलं. तक्रार केली होती का, असं वकीलबाईंनी विचारलं, तेव्हा तिने नाही म्हणून मान हलवली. आई म्हणाली होती, नवीन संसार आहे, होईल सुरळीत. डॉक्टरांना तिने स्वतःच सांगितलं होतं की जिन्यात पडले. पुढे घटस्फोट झाला, त्याच्या कागदांत 'पटत नाही' एवढंच कारण होतं.

जबाब लिहून झाला, सही झाली, आणि मगच वकीलबाईंनी बाकीचं सांगितलं. त्याने दुसरं लग्न केलं होतं. आता राहायचा दुसऱ्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. थंडीच्या दिवसांत दुपारी ही नवी बायको, मुलगीच म्हणायची, पातळ कपड्यांवर गॅलरीत अडकली. दार बडवून थकली, अंग आखडायला लागलं, तेव्हा कठड्यावरून शेजारच्या गॅलरीत पाय टाकायला गेली आणि खाली पडली. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला तो खाली झुडुपं होती म्हणून.

"आणि तो काय म्हणतो?"

"म्हणतात की कडी ढिली होती. दार आपटलं आणि ती आपोआप लागली."

चष्मेबाईला हसू फुटलं. असलं हसू तिला आधी कधी आलं नव्हतं. तिने तोंडावर हात दाबला, पण ते थांबेना.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. हा तिचा दुसरा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. कानाचं त्याला माहीत होतं, गॅलरीचं नव्हतं. तो नखांतलं काळं तेल काढत बसला.

"जायचं नसेल तर नको जाऊस," तो म्हणाला.

"जायचंय. पण जाऊनही बोलता येईल असं नाही. न्यायाधीश आधी ठरवणार, माझं ऐकायचं की नाही ते."

"ऐकायचं की नाही म्हणजे? अगं, जे झालं ते झालं ना?"

"त्याच्यावर माझ्याबद्दल कधी गुन्हाच दाखल झाला नाही. खटला त्या मुलीचा आहे. माझं ऐकून लोक म्हणतील, हा माणूसच असला आहे, टाका आत. तसं चालत नाही म्हणे."

मेकॅनिक भडकला. असला कसला कायदा म्हणत याच्या-त्याच्या नावाने त्याने बोटं मोडली. मग मधेच त्याला काहीतरी आठवलं.

"आमच्याकडे एक हेल्पर होता," तो म्हणाला. "त्याने मागे पाने चोरले होते, कबूलही केलं होतं. नंतर जॅक हरवला. कुणी विचारलं नाही, शोधलं नाही, सरळ त्यालाच धरलं. मीसुद्धा त्यात होतो. चार दिवसांनी जॅक निघाला साहेबांच्या गाडीच्या डिकीत."

"मग?"

"मग काय, साहेबांच्या डिकीचीही कडी आपोआप लागली असेल." दोघंही हसली. "पण तसं बघितलं तर त्या न्यायाधीशाचंही बरोबर आहे. जा तू. मी रजा टाकतो."

कोर्टाच्या लांब पट्ट्यासारख्या कॉरिडॉरमध्ये दोघं बाकावर बसली. समोरच्या बाकावर एक तरुण मुलगी आपल्या वडिलांबरोबर बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. चष्मेबाईने मनातल्या मनात तिला धाकटी म्हटलं. साक्षी होईपर्यंत एकमेकींशी बोलू नका, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. धाकटीने नुसती मान लववली, हिनेही लववली.

आत न्यायाधीशांनी ज्यूरीला, म्हणजे निकाल द्यायला निवडलेल्या गावातल्या साध्यासुध्या माणसांना, दुसऱ्या खोलीत पाठवलं होतं. बचावाचे वकील काय म्हणाले ते चष्मेबाईला नंतर कळलं. ते म्हणाले, या बाईंनी कधी तक्रार केली नाही, घटस्फोटाचा राग मनात असणार, आणि जुनंपुराणं उकरून काढलं तर ज्यूरी आजचा प्रश्न सोडून माणसाच्या स्वभावाचा निकाल लावेल. वकीलबाई म्हणाल्या, स्वभावाबद्दल मला अक्षर बोलायचं नाही. पण एका घराची कडी ढिली असू शकते. दोन वेगळ्या घरांच्या, दोन वेगळ्या दारांच्या कड्या याच माणसाच्या बायका गॅलरीत गेल्यावर आपोआप लागत असतील, तर तो अपघात होता का, हे ठरवायला ज्यूरीला ते कळलं पाहिजे.

बऱ्याच वेळाने वकीलबाई बाहेर आल्या.

"गॅलरी, कडी आणि ते काय बोलायचे ते. एवढंच सांगायचं. कानाबद्दल शब्द काढायचा नाही."

"कान सगळ्यात मोठा होता हो," चष्मेबाई म्हणाली.

"म्हणूनच. ते ऐकल्यावर कडीचा विचार कुणी करणार नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं. आणि चुकून तोंडातून निघालं तर सगळा खटला पुन्हा पहिल्यापासून चालेल. तिला पुन्हा उभं राहावं लागेल." त्यांनी समोरच्या बाकाकडे बघितलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर चष्मेबाईला तो दिसला. केस अजून तसेच चापूनचोपून बसवलेले. तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं, "या साक्षीदार जे सांगतील त्याबद्दल आरोपीवर खटला नाही. आरोपी वाईट माणूस आहे, असा अर्थ त्यातून काढायचा नाही. दार चुकून बंद झालं की मुद्दाम केलं, एवढ्यापुरताच त्याचा विचार करायचा."

तिने सांगितलं. दुकानात सांगितलं होतं तसंच. 'जरा हवा खा, डोकं थंड होईल,' हे वाक्य आलं तेव्हा ज्यूरीतल्या एका बाईने शेजारच्याकडे चटकन बघितलं. का ते चष्मेबाईला कळलं नाही. धाकटीने आदल्या दिवशी तिथेच उभं राहून तेच शब्द सांगितले होते, हे तिला अजून माहीत नव्हतं.

मग बचावाचे वकील उठले. बोलायला मृदू होते. ते तिच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले आणि त्यांचा पहिला प्रश्न तिला नीट कळला नाही.

"पुन्हा सांगता का?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. तक्रार का केली नाही, शेजाऱ्यांना हाक का मारली नाही, एवढी वर्षं गप्प का बसलात. एकेका प्रश्नाला तिला मान वळवून "काय म्हणालात?" करावं लागत होतं. शेवटी त्यांचा संयम सुटला.

"बाई, मी इथे चार पावलांवर उभा आहे, तरी प्रश्न दोनदा विचारावा लागतोय. आणि बंद काचेच्या दारामागे माझे अशील हळू आवाजात काय बोलले, ते तुम्हाला शब्दन् शब्द ऐकू आलं?"

चष्मेबाईच्या जिभेवर सगळं आलं. वाऱ्याची बोटं, ती कानाखाली बसलेली, डॉक्टरांना सांगितलेला जिना. तिने पिंजऱ्याच्या काठावर ठेवलेले स्वतःचे हात बघितले. मग मागच्या रांगेत बसलेल्या धाकटीच्या वडिलांकडे बघितलं.

"तेव्हा मला दोन्ही कानांनी नीट ऐकू यायचं," ती म्हणाली.

एवढंच. टेबलाकडे बघत बसलेल्या पहिल्या नवऱ्याने प्रथमच मान वर केली. वकिलांचा चेहरा पडला. आपण काय विचारून बसलो ते त्यांना उमगलं होतं. न्यायाधीश चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "पुढचा प्रश्न जपून विचारा."

"पुढचा प्रश्न नाही," वकील म्हणाले आणि बसले.

बाहेर आल्यावर मेकॅनिकने विचारलं, "कसं झालं?"

"भूक लागलीय," ती म्हणाली.

निकाल लागला तेव्हा ती दुकानातच होती. वकीलबाईंचा फोन आला. दार मुद्दाम बंद केलं, आणि ती पडली त्याला तोच जबाबदार, असं ज्यूरीने एकमताने सांगितलं होतं. त्याला कैद झाली. कानाचं काय, असं तिने विचारलं नाही आणि वकीलबाईंनीही काढलं नाही. त्याबद्दल कुठल्याच कोर्टात काही होणार नव्हतं. तिला वाटलं होतं की खूप रडू येईल. तसं काही झालं नाही. तिने फ्रेमांचा कप्पा पुसायला घेतला आणि मालकांनी थांब म्हणेपर्यंत तोच कप्पा पुसत राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी धाकटी दुकानात आली. काठी टेकवत, पायरी जपून चढत. वडील बाहेर स्कूटरवरच बसून राहिले.

"तुम्हाला काय हाक मारू तेच कळत नाही," ती म्हणाली.

"सवत म्हणू नकोस म्हणजे झालं."

धाकटी खुदकन हसली. मग म्हणाली, "ताई, वकीलबाई म्हणाल्या, तुम्हाला तिथे सगळं सांगू दिलं नाही. मला सांगाल?"

चष्मेबाईने तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं. धाकटीने तिचं सांगितलं. काही गोष्टी तंतोतंत जुळल्या, काही मुळीच नाही. हिच्या वेळी तो पेपर वाचायचा, तिच्या वेळी मोबाइलवर सिनेमा बघायचा. केसांचा भांग पाडायला त्याला लागणारा वेळ मात्र दोघींनी एकदमच काढला आणि इतक्या हसल्या की आतल्या खोलीतलं गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं वाचायचं थांबलं.

"मला तो म्हणायचा, पहिलीच्या डोक्यावर परिणाम झाला होता," धाकटी म्हणाली. मग कप खाली ठेवून, जरा अडखळत, "राग नका मानू. पण तुम्ही तेव्हाच तक्रार का नाही केलीत?"

चष्मेबाईने खरोखर विचार केला. आई, डॉक्टर, शेजारी, लाज, सगळं एकेक करून आठवून पाहिलं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

धाकटी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली.

"मी तरी कुठे केली होती," ती म्हणाली. "पडले म्हणून कळलं सगळ्यांना."

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. धाकटीने उठताना चष्मेबाईच्या दंडाचा आधार घेतला आणि दारापर्यंत तो सोडला नाही.

"पुन्हा आले तर चालेल?"

"ये की. मंगळवारी ये, मंगळवारी दुकानात गर्दी नसते."