सोळा शिलिंगांचा पाउंड

माणसाच्या श्रमाचं मोल कुठल्याही काळात, कुठल्याही चलनात अचूक सांगता येतं. हे वाक्य त्या वेबपानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत होतं, आणि ते निशिकांतनेच जेवणाच्या सुट्टीत लिहिलं होतं, कारण डिझायनरने तिथे दोन ओळींची जागा सोडली होती.

काम साधं होतं. इंग्लंडातल्या एका संग्रहालयाला जुने पगार आणि जुने भाव सांगणारा कॅल्क्युलेटर हवा होता. पाउंड, शिलिंग, पेन्समधला पगार टाकायचा, त्यात किती पाव येत ते बघायचं. कंपनीतल्या तरुण मंडळींना दहाच्या पटीत नसलेला पैसा ही कल्पनाच सहन होईना. निशिकांतने मीटिंगमध्ये हात वर केला. "आमच्याकडे हेच होतं," तो म्हणाला. "बारा पैंचा आणा. वडिलांनी पाठ करून घेतलंय."

त्याचे साहेब मिस्टर ओंग खूश झाले. निशिकांतचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परदेशात राहून नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. वय एकोणपन्नास, पगार तीन वर्षं तिथल्या तिथे. नूतनीकरणाच्या अर्जात ओंगनी लिहिलं, 'ऐतिहासिक चलनांतील दुर्मीळ तज्ज्ञ'. निशिकांतने ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. नीता म्हणाली, "बरं झालं. चैत्रालीचं बारावीचं वर्ष तरी इथे निभेल."

पास आला नाही, तर मुलीची शाळा मधेच सुटणार होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये पोळ्या होत असताना, चैत्रालीने बाबांचं पान फोनवर उघडलं. वर्षाला सोळा पाउंड कमावणारी मोलकरीण, सहा पेन्सचा पाव. उत्तर आलं पाचशे बारा.

"बाबा, धिस राँग लाह. सहाशे चाळीस," ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? बारा पेन्सचा शिलिंग."

"दॅट वन करेक्ट. बट पाउंडचे शिलिंग किती घेतलेस?"

"सोळा. सोळाच असतात की."

"ट्वेंटी. सिक्स्टीन व्हेअर गॉट?"

बारा पेन्स जुळले, तेव्हा पुढचं सगळं निशिकांतने डोळे मिटून वडिलांच्या सोळा आण्यांच्या रुपयावरून घेतलं होतं. टेस्टिंगमधल्या पोराने "सोळा का?" म्हणून विचारलंही होतं. त्याला निशिकांतने वीस मिनिटं आण्यांवर ऐकवलं होतं. मग कुणी काही विचारलं नाही.

"एका मोलकरणीचे एकशे अठ्ठावीस पाव खाल्लेस तू," नीता तव्याजवळून म्हणाली.

"सोमवारी सांगतो ओंगना."

"सोमवारीच पासचा निकाल आहे ना?"

"हो."

"मग मंगळवारी सांग. ती बाई काही उपाशी बसलेली नाही आता."

शनिवार-रविवार निशिकांतने तोच विचार केला. सांगावं, तर दुर्मीळ तज्ज्ञाला रुपया आणि पाउंड यांतला फरक कळत नाही हे उघड. न सांगावं, तर निकालानंतर कधीतरी गुपचूप दुरुस्त करता येईल. प्रामाणिकपणा त्याला मान्य होता, फक्त तारीख पुढची हवी होती.

सोमवारी ओंगनी त्याला काचेच्या खोलीत बोलावलं.

"पास नाकारला, निशी. तुझ्या वयाला जो किमान पगार लागतो, त्याच्या बराच खाली आहेस तू."

"कंपनी वाढवू शकत नाही?"

"विचारलं मी. बजेट नाही." ओंग खरंच ओशाळले होते. "तज्ज्ञाचं लिहिलं होतं ते पगाराच्या पुढचं कलम. तिथवर कुणी पोचलंच नाही."

निशिकांतने मग शिलिंगांचं सांगून टाकलं. आता अडवायला काहीच नव्हतं. ओंगनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जाण्याआधी नीट करून जा. हँडओव्हरमध्ये लिही."

जागेवर येऊन त्याने सोळाचे वीस केले. दीड मिनिट लागलं. या बदलाच्या मंजुरीची वाट बघताना त्याने सहज पानाची आकडेवारी काढली. सुरू झाल्यापासून ते अकरा वेळा उघडलं गेलं होतं. त्यातल्या नऊ वेळा त्यानेच उघडलं होतं.